डावीकडल्या कॉर्नरबॅकचे आकडे

त्या वर्षी मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो, कारण कपाशीवर फवारताना बाबांच्या पंपाची नळी निसटली आणि औषध थेट त्यांच्या डोळ्यांत गेलं. शेजारच्या चाचांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून मलकापूरला नेलं, तिथून अकोल्याला. नऊ दिवस दवाखाना झाला. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, बुबुळावरची जखम भरेल, पण किती दिसेल ते आज सांगता येणार नाही. उन्हात जायचं नाही, धुळीत जायचं नाही, दर दोन तासांनी थेंब टाकायचे.

घरी पोचल्यावर रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. मी पिशवी खुंटीला लावली आणि आईकडून थेंबांच्या वेळा समजून घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून आई वावरात जायची आणि मी बाबांजवळ बसायचो. ते काळा चष्मा लावून खाटेवर बसलेले असत. बोलायचं काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

पुण्यातली एकच गोष्ट माझ्याबरोबर आली होती, ती म्हणजे फोनवरचा एक खेळ. ऑफिसातल्या एका मित्राने शिकवला होता. अमेरिकन फुटबॉलचा संघ चालवायचा. चित्र नाही, हालचाल नाही. आपण खेळाडू निवडायचे, डावपेच लिहून ठेवायचे आणि सामना कॉम्प्युटर आपला आपणच खेळून टाकतो. आठवड्यात दोनदा सकाळी नऊला निकाल यायचा. प्रत्येक चालीचं एकेक वाक्य आणि शेवटी आकड्यांचा तक्ता.

एके सकाळी मी तो निकाल वाचत होतो, तर बाबा म्हणाले, "काय पुटपुटून राह्यला बे?"

मी सांगितलं. खरा सामना आम्ही दोघांनीही कधी पाहिला नव्हता. चेंडू हाताने फेकतात म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग त्याले फुटबॉल काऊन म्हणते?"  आणि लगेच म्हणाले, वाच. मग मी प्रत्येक सामना मोठ्याने वाचायला लागलो, इंग्रजी वाक्यं मराठीत करत.

त्यांना कॉर्नरबॅक लवकर समजला. मैदानाच्या कडेला उभा राहणारा बचावाचा गडी. समोरच्या संघातला जो चेंडू झेलायला पळतो, त्याला चिकटून राहायचं आणि चेंडू मिळू द्यायचा नाही. असे आमच्याकडे दोन होते, एक उजवीकडे, एक डावीकडे. तक्त्यात उजवीकडल्याची ओळ भरलेली असायची. त्याने किती जणांना पाडलं, किती चेंडू उडवले, मधूनच एखादा पळवला. डावीकडल्याच्या ओळीत शून्यं. एखादा सामना तर असा जायचा की त्याने काही केलं असं दिसायचंच नाही.

"हा डावीकडला बिनकामाचा हाये," मी म्हणालो. "याले काढतो."

"त्याच्याकडं बॉल गेला किती वेळा?"

तक्त्यात ते नव्हतं. बाबांनी मला सगळ्या चाली पुन्हा वाचायला लावल्या आणि वहीत दोन रकाने पाडायला सांगितले. चेंडू उजवीकडे फेकला की इकडे रेघ, डावीकडे फेकला की तिकडे. चार सामने झाल्यावर उजवा रकाना रेघांनी काळा झाला होता आणि डाव्यात मोजून थोड्या रेघा होत्या.

"पाह्य," बाबा म्हणाले. "उजवीकडच्याच्या पुढ्यात बॉल झेलल्या जाते, म्हणून तो पाडत बसते. याच्याकडं ते लोकं फेकतच नाई. याच्या बाजूचा झेलणारा मोकळाच सापडत नसन त्याईले."

मी हो म्हटलं, पण मला ते पटलं नाही. खेळातल्या चांगल्या गड्यांच्या यादीत उजवीकडला खूप वर होता आणि डावीकडला कुठेच नव्हता. यादी करणाऱ्यांना बाबांपेक्षा जास्त कळत असणार, असं मी धरून चाललो. दोनच दिवसांनी परदेशातल्या एका संघमालकाचा निरोप आला, डावीकडला द्या, बदल्यात चेंडू घेऊन पळणारा तरुण गडी घ्या. मी बटण दाबलं. बाबा तेव्हा थेंब टाकून डोळे मिटून पडले होते. त्यांना सांगितलं नाही. का नाही, याचं कारण शोधायचीही मला गरज वाटली नाही.

तेव्हा घरात न सांगण्याची सवयच लागली होती. वावरात कपाशीची पऱ्हाटी कमरेवर गेली होती, बोंडं भरपूर दिसत होती आणि आई रोज संध्याकाळी बाबांना "बरी हाये" एवढंच सांगायची. मला मात्र तिने न्हाणीघराजवळ कमरेला बांधलेल्या ओट्यातली हिरवी बोंडं फोडून दाखवली होती. दहातल्या सात-आठ बोंडांत गुलाबी अळी होती. बियाणं बीटीचं, अळी लागणार नाही म्हणून घेतलेलं. "तुह्या बाबाले सांगू नको," ती म्हणाली. "डोये बरे होऊ दे आधी." मी बोंडं उकिरड्यावर टाकली आणि हात धुतले.

पुढचे तीन सामने मी डावीकडल्या जागेवर उभ्या केलेल्या राखीव गड्याची ओळ जुन्याची म्हणून वाचली. नंबरही जुन्याचाच सांगितला. पहिल्या वेळी बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, "पुन्हा वाच." तिसऱ्या वेळी मी वाचलं की डावीकडल्याने आज नऊ जणांना पाडलं. त्यांनी हात वर केला.

"थांब. हा तो नाई."

"तोच हाये बाबा."

"त्याच्याकडं इतके बॉल कधी येत होते? आता सगळे तिकडंच फेकून राह्यले. रेघा पाह्य."

वही माझ्याच मांडीवर होती. डावा रकाना तीन सामन्यांत भरून गेला होता. मी रेघा मारल्या होत्या आणि मला ते दिसलं नव्हतं.

"देऊन टाकला," मी म्हणालो. "दहा-बारा दिवस झाले."

ते चिडतील म्हणून मी थांबलो. ते चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळ्याच्या कडा टिपल्या, पुन्हा लावला. मग म्हणाले, "आन वावरातलं काय देऊन टाकलं?"

मी वही मिटली.

"तुही माय रोज एकच शब्द सांगते. चांगल्या पिकाचं मानूस इतकं कमी सांगत नाई."

मग मी अळीचं सांगितलं. किती बोंडांत ते सांगितलं. सांगताना माझा आवाज तक्ता वाचतानासारखाच होता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी त्यांना हाताला धरून वावरात नेलं. आईने आम्हाला धुऱ्याच्या बांधावरून येताना पाहिलं आणि ओटा सोडून ती उभी राहिली. बाबांनी एक बोंड तोडलं, अंगठ्याने चाचपलं, फोडलं. अळी त्यांच्या बोटावर आली. त्यांना ती नीट दिसली नसणार, पण ती चालत होती ते कळलं. त्यांनी दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. तासभर ते एकेका ओळीतून फिरले. आई पदर तोंडाशी धरून मागे चालत होती.

"काऊन सांगतलं नाई?" त्यांनी तिला विचारलं.

"काय करनार होते तुम्ही सांगून?"

"ऐकलं असतं," ते म्हणाले.



मी त्या परदेशी मालकाला निरोप पाठवला, आमचा गडी परत द्या, तुमचा परत घ्या आणि वर आणखी एक घ्या. त्याने लगेच कळवलं की तो विकायचा नाही, आपल्या संघात त्याच्याएवढा चांगला कोणी नाही. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "समजदार मानूस हाये," आणि कुशीवर वळले.

कापसाची पहिली वेचणी जी झाली तीच. पुढचं डागाळलेलं होतं. चाचांच्या ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याने उभी पऱ्हाटी कापून जमिनीत मिसळून टाकली आणि आम्ही हरभरा पेरला. पाणी द्यायला मीच जात होतो, त्यामुळे सकाळचं वाचन बंद पडलं. महिनाभराने खेळ उघडला, तर बरेच दिवस न आल्यामुळे माझा संघ दुसऱ्या कोणाला दिलेला होता. मी वाट पाहिली, काही वाटेल म्हणून. मग फोन खिशात ठेवला.

बाबांचा उजवा डोळा बराच सुधारला. डाव्याने धुकं दिसतं म्हणतात. हरभरा फुलावर आला तेव्हा एका सकाळी ते कोणाला न विचारता काठी घेऊन वावराकडे निघाले. मी दारातून पाहत होतो. वळणावर ते जरा थांबले, मग बरोबर वाटेने गेले.

आईने आतून विचारलं, "एकलेच गेले का?"

"हाव," मी म्हणालो आणि पाणी भरायला गेलो.