दगडाला रंग नको म्हणणारे निसारभाई

निसारभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी डब्यात धपाटी भरत होते, निम्मी त्यांच्यासाठीच. दर रविवारी ते इंदापुरातून निघायचे, मी बारामतीतून, आणि वाटेत फाट्यावर भेटायचो. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच... त्यांचा थोरला मुलगा सांगत होता आणि मी आपली धपाटी भरतच होते. दुसरं काय करणार?

मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान सांभाळून या माणसाला जुन्या दगडांचं वेड. आमच्या इतिहास मंडळाने वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, गावकऱ्यांनाच हाताशी धरून जपायचं ठरवलं, तेव्हा पहिला हात त्यांनी वर केला. मी डेअरीच्या ऑफिसातून नुकतीच निवृत्त झालेली. "ताई, घरी बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा चला," म्हणाले. आगाऊ माणूस. पण गेले मी.

अडचण एकच. आपल्याकडे दगडावर माया बसली की लोक त्याला ऑइलपेंट फासतात. जत्रा आली की एक थर. बघता बघता तलवार बुजते, चेहरा बुजतो. म्हणून इंदापूरकडच्या एका गावात बांधाच्या मातीत पालथा पडलेला वीरगळ सापडला तेव्हा निसारभाई हरखून गेले. त्याला कधीच रंग लागला नव्हता. गावकऱ्यांनी तो झाडाखाली उभा केला, आम्ही पाण्याने आणि मऊ ब्रशने माती काढली, आणि खाली गाई, वर तलवार उगारलेला वीर, अगदी कानातल्या बाळीसकट... तेवढ्यात गावचे तात्या शेंदूर घेऊन आले.

"तात्या, ह्याला कायबी लावू नका," निसारभाई म्हणाले.

"का वो? देवाला बोडकं ठिवायचं व्हय?"

"देव न्हाय, मानूस हाय. गाई सोडवताना पडलेला. त्याचं त्वांड तरी बघू द्या लोकांना."

तात्या रुसले. मग निसारभाई येता-जाता त्यांच्या ओट्यावर चहाला बसू लागले, घरचा पंखा दुरुस्त करून दिला, गप्पा मारल्या, आणि शेवटी तात्यांनी शब्द दिला. "हा एक दगड राहिला ना ताई, तर बाकीची गावं ऐकतील," असं निसारभाई मला म्हणायचे. सगळा जीव त्या एका दगडात.

ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी तात्यांचा फोन आला. "ताई, या. निसारभाईंसाठी गावानं कायतरी केलंय."

गेले. दगड टाइल्सच्या कट्ट्यात सिमेंटने बसवलेला. अंगभर पिवळाजर्द पेंट, मिशा काळ्या, डोळे पांढरे, कानातली बाळी कुठंच नाही. खाली निसारभाईंचं नाव.

"शब्द दिला व्हता, खरंय," तात्यांचे डोळे भरले होते. "पर इतका राबला त्यो मानूस. त्याच्या नावाचा दगड उघडाबोडका कसा ठिवायचा?"

रंग ओला होता. माझ्या पिशवीत फडकं होतं, ब्रश होता. त्या घटकेला पुसला असता तर बराचसा निघाला असता. मला रागही आला, रडूही आलं, आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. "छान झालंय तात्या," मी म्हणाले. मग त्यांनी खुर्ची दिली, चहा आणला, आणि रंग वाळेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.