डबीतला चुना

लिटमस सरांच्या खिशात पेनाऐवजी लाल-निळ्या पट्ट्या असत. लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेत ते रसायनशास्त्र शिकवत, पण पट्टी बुडवायला त्यांना प्रयोगशाळा लागत नसे. चिंचेचं पाणी, साबणाचा फेस, मुख्याध्यापकांच्या डब्यातलं ताकसुद्धा सुटायचं नाही. "दिसलं तेच सांगायचं, मला बरं वाटावं म्हणून काही नाही," असा त्यांचा दंडक.

आठवीत माझ्या हातून बाटली निसटली आणि आम्ल मनगटावर सांडलं. सर तंबाखू खायचे. घाबरून त्यांनी डबीतला ओला चुना काढला आणि मनगटावर थापला. "आम्ल आणि आम्लारी, झालं क्षार आणि पाणी!" फळ्यावर ते बरोबरच होतं. कातडीवर मात्र त्या दोघांच्या भेटीत उष्णता निघाली, आणि उरलेला चुनाही भाजत राहिला. नुसता नळाखाली हात धरला असता तर एवढं झालं नसतं, असं डॉक्टरांनी सरांच्या तोंडावर सांगितलं.

त्या दिवशी तंबाखू सुटली. वर्गात पाण्याची भरलेली बादली आली. दर रविवारी सर आमच्या घरी येत, दारातच बसत आणि विचारत, "ओढतं का गं?" उन्हाळ्यात भाजल्याचा डाग ओढायचाच, मी तसं सांगायची. आई कळवळून म्हणे, "सर, तुम्ही काय मुद्दाम करं का? च्या ल्या." चहा तसाच निवून जाई.

मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईने लांब बाह्यांचा ब्लाउज घालायला लावला. वडीलधारे म्हणून बोलावलेले सर पोहे यायच्या आतच उभे राहिले. "पोरीच्या मनगटावर डाग आहे. चूक माझी, तिची नाही." मला इतका राग आला! होणाऱ्या सासूबाई डाईंग मिलमधल्या. त्यांनी आपले रंगाने खाल्लेले हात पुढे केले. "आमना घरमा कोना हात कोरा शे?" सगळे हसले. सर हसले नाहीत.

मागच्या मे महिन्यात ते दवाखान्यात होते. मी खाटेशी बसले, तर पहिला प्रश्न तोच. मनगटाची कातडी चांगलीच ओढत होती.

"नाही सर. केव्हाच थांबलं."

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी गेली. त्याच आठवड्यात सर गेले.

खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. लग्न झालं, आई झाले, तरी त्या माणसाला दरवेळी "ओढतं" म्हणत राहिले, त्याचं वाटतं.