चार बोटांची बाई

शकूमावशी देऊळ फुटांत मोजत नाही, बायांत मोजते. समोर जुन्या पुस्तकातलं चित्र उघडं असतं: नदी, दगडी घाट, वर शिखराचं देऊळ, आणि धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरणारी एक बाई. मावशी शिवणाचा दोरा त्या बाईच्या टाचेपासून डोक्यापर्यंत धरते, आणि तेवढं माप एकावर एक ठेवत कळसापर्यंत चढते. देऊळ अकरा बाया. पिंपळ आठ. घाट चार. मग कॅनव्हासवर सगळ्यात आधी बाई काढायची, चार बोटं उंच. ती उभी राहिली की बाकीचं सगळं तिच्या मापानं उभं राहतं.

रामहरीकाका, मावशीचे यजमान, शेळगावात उसाच्या ट्रॉल्या रंगवायचे. ते अक्षरांची कड ओढायचे, मावशी आतला रंग भरायची. एका शाळेच्या भिंती रंगवताना अडगळीत त्यांना हे पुस्तक सापडलं. दोनशे वर्षांपूर्वी कुणी एक साहेब मुलूख फिरला, त्यानं घाट, देवळं, वेशी रंगवल्या. त्या चित्रांचे हे छाप. पुढे काका गेले. ट्रॉल्यांवर रेडियमचे स्टिकर आले. मावशीकडे ब्रश उरले आणि पुस्तक उरलं.

"नक्कल करता म्हणं तुमी," असं कुणी हिणवलं तर ती शांतपणे म्हणते, "व्हय. सायबानं एकडाव बघितलं आसंल, मी शंभरडाव बघितलंय."

तिच्या नकला इंदापूरच्या एका खानावळीत आहेत, बारामतीच्या एका दातांच्या डॉक्टरकडे आहेत. दाढ धरून बसलेली माणसं पिंपळाची पानं मोजतात.

कोऱ्हाळ्याच्या यशराजनं बारामतीत मंगल कार्यालय बांधलं, तेव्हा दारातल्या भिंतीसाठी त्यानं हेच चित्र सांगितलं. सहा फूट बाय चार. मावशी तीन महिने त्यावर होती. पौषात आम्ही ते टेम्पोत उभं करून नेलं. मी तिच्याकडे रंग कालवायला असते; मागे बसून दोन्ही हातांनी चौकट मीच धरली होती.

भिंतीला टेकवलं तेव्हा यशराज खूश झाला. मागं सरकला, मोबाईलवर फोटो काढला, पुढं आला, मग खाली वाकला.

"मावशी, एक नंबर. फक्त ही बाई काढा. तिथं कार्यालयाचं नाव येईल, सोनेरी अक्षरांत."

"नाव वर लाव की. भिंत मोकळी हाय."

"तसं नाही. पाहुणे दारातून आत आले की पहिल्यांदा काय बघणार? धुण्याचं गाठोडं?"

"धुतलेलीच कापडं घालून आल्यात न्हवं पाहुणं?"

यशराज हसला, पण हट्ट सोडला नाही. "बरं, राहू दे बाई. गाठोडं काढा, हातात आरतीचं ताट द्या. जरीचं लुगडं नेसवा."

"ताट दिलं की ती पाहुणी झाली. ही कामाला निघालीया."

"अहो, एवढीशी तर बाई हाय. कुणाच्या ध्यानात येणार?"

"मग तुझ्या कशी आली?"

मागच्या बाजूला भांडी घासणाऱ्या प्रयागबाई ओले हात पदराला पुसत चित्राजवळ येऊन थांबल्या होत्या. मावशीनं हात आडवा धरून ती चार बोटांची बाई झाकली.

"सांग आता. देऊळ किती उंच?"

यशराजनं मान तिरकी केली. "असंल आमच्या गावच्या देवळाएवढं."

मावशीनं हात उचलला. "आता?"

यशराजनं घड्याळ पाहिलं. प्रयागबाई मात्र वर बघतच राहिल्या. मान मागे गेली, डोक्यावरचा पदर घसरला.

"आगं बया. लय उंच हाय की," त्या म्हणाल्या. "ह्या बाईचं रोजचं पाय दुखत आसतील."

"प्रयागबाई, पातेली राहिली ती," यशराज म्हणाला.

"पातेली कुठं पळत न्हाईत," म्हणत त्या तिथंच उभ्या राहिल्या.

आता यशराजचा आवाज बदलला. "मावशी, फ्लेक्सवाला दोन तासांत करून देतो, हवं तसं."

"त्याच्याकडंच जा. त्याचं बरं हाय, बटण दाबलं की बाई गेली. माझ्या हाताला तसलं बटण न्हाय."

"मग न्या परत."

मी मावशीकडे पाहिलं. तीन महिन्यांचं काम होतं. पिंपळाच्या एका फांदीसाठी तिनं आठवडा घातला होता, मी पाहिलं होतं. चार बोटं दगडी रंग ओढला असता तर बाई झाकली असती आणि आम्ही रिकाम्या टेम्पोनं परतलो असतो.

"धर गं तिकडनं," मावशी मला म्हणाली.

खालून चौकट प्रयागबाईंनी धरली. टेम्पोपर्यंत आल्या, चौकट आत सरकवताना म्हणाल्या, "संबाळून. बाई खालच्या बाजूला हाय."

येताना भवानीनगरच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागे आम्ही बराच वेळ अडकलो. घरी आल्यावर तिनं रस्त्याकडच्या भिंतीवर, पत्र्याच्या पडवीत, दोन खिळे ठोकले आणि चित्र लावलं. आता ट्रॉल्या तिथं हळू होतात. ड्रायव्हर आधी खाली बघतात, मग वर.

महिन्याभरानं मी बारामतीला गेले तेव्हा कार्यालयाच्या दारात फ्लेक्स होता. तेच देऊळ, तोच घाट, बाईच्या जागी सोनेरी अक्षरं. त्याला टेकून एक करवली फोटो काढून घेत होती. तिचं डोकं कळसाच्या वर जात होतं.

मावशीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि पुस्तक पुन्हा उघडलं.

"कुणाचं काम आलंय?" मी विचारलं.

"कुणाचं न्हाय. दुसरी भिंत रिकामी हाय."

दोरा लावून झाला. कोऱ्या कॅनव्हासवर तिनं बाईसाठी हात आडवा ठेवला, चार बोटं. थोडी थांबली. मग अंगठाही जोडला.

"पाच बोटं?" मी म्हणाले. "मग देऊळ पंचावन्न बोटं होईल, मावशी. ह्यात मावणार नाही."

"न्हाय मावायचं," ती म्हणाली, आणि मोठ्या चौकटीसाठी लाकूड कापायला करवत शोधू लागली.