कॉलनीत बांधलेले बैल

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिली तंबी मिळाली ती शेणावरून. नगर जिल्ह्यातलं नेवाशाकडचं हे गाव. रस्त्याच्या वरच्या अंगाला नवी कॉलनी झाली होती. ओळीने बंगले, प्रत्येकाला कंपाउंड, प्रत्येकाच्या फाटकावर नावाची पाटी. माझं माहेर त्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, भातशेतीचं. अंगण सारवल्याशिवाय आमच्याकडे दिवस सुरूच होत नसे. इथे अंगणाला शहाबादी फरशी. मी भाबडेपणाने सासूबाईंना विचारलं, शेण कुठून आणायचं? त्यांनी आधी शेजारच्या बंगल्याकडे पाहून घेतलं आणि मग हळूच सांगितलं की कॉलनीत कुणी जनावर पाळत नाही, वास येतो म्हणून लोक तक्रार करतात.

गंमत अशी की नाक मुरडणारी ही सगळी मंडळी शेतातूनच आलेली होती. डॉक्टरांचे वडील मोट हाकत होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. वकिलांचे भाऊ अजून ऊस लावत होते. माझे सासरे, म्हणजे मामंजी, कालव्यावर ओव्हरसियर होते आणि आता निवृत्त होऊन कॉलनीचे अध्यक्ष झाले होते. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. त्यांनी स्वतःच ते काम अंगावर घेतलं होतं आणि बाकीच्यांना ते सोयीचं वाटलं होतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता, दुष्काळाचा. ओढ्याकाठी ऊसतोड करणाऱ्यांची आणि गाडीवानांची वस्ती होती, उसाच्या पाचटाने शाकारलेली. एका दुपारी वारं सुटलं आणि कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली. वस्ती बघता बघता गेली. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, पोरंबाळं त्यांच्याबरोबर होती, म्हणून सगळे वाचले. जनावरं चाऱ्याच्या छावणीत होती, तीही वाचली. बाकी काही म्हणता काही राहिलं नाही.

त्या आठवड्यात कॉलनीने जे दान केलं ते मी आजही मोकळ्या मनाने कबूल करीन. धान्य गेलं, भांडी गेली, कपड्यांची गाठोडीच्या गाठोडी गेली. सासूबाईंनी आपला जुना जांभळा शालू दिला. डॉक्टरीणबाईंनी हिरव्या फुलांचे पडदे दिले, वकिलांनी काळा कोट दिला. जळिताच्या नुसत्या आठवणीने बायकांच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

मग मामलेदारांचा हुकूम आला. कॉलनीच्या टोकाचा मोठा बंगला आणि त्याला लागून असलेली मोकळी जागा कित्येक वर्षं पडून होती, मालक मुंबईला. घरं बांधून होईपर्यंत जळितातली कुटुंबं तिथे राहतील, असं ठरलं. डोळ्यांतलं पाणी लगेच आटलं.

आमच्या व्हरांड्यात बैठक बसली. चहा मी देत होते, त्यामुळे एक शब्दही चुकला नाही. डॉक्टर म्हणाले, रोगराई पसरेल. वकील म्हणाले, एकदा बसलेला माणूस उठत नाही. सराफांना जागेच्या भावाची काळजी. एक मास्तर म्हणाले की त्या लोकांनाच इथे अवघडल्यासारखं होईल, आपण त्यांचा विचार करायला हवा. हे मला सगळ्यात आवडलं. जो तो आपल्याला त्यांच्याविषयी किती वाटतं हे आधी सांगत होता आणि मग ते कुठे नकोत हे सांगत होता. मी रागाने कपबशा जरा आपटल्याच. सासूबाईंनी डोळे वटारले.

मामलेदार बधले नाहीत. कुटुंबं आली. पडद्याआडून सगळी कॉलनी बघत होती. त्या लोकांनी पहिल्या सकाळी काय केलं, तर आमच्या सगळ्यांच्या फाटकांपर्यंतचा रस्ता झाडून काढला. कुणी सांगितलं नव्हतं. मग रोगराईचा मुद्दा मागे पडला आणि पडद्यांआडची गर्दी ओसरली. तरी त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

पाऊस पडला, छावणी उठली आणि एका गाडीवानाने आपले दोन बैल आणून त्या बंगल्यासमोरच्या लिंबाखाली बांधले. दोघेही खिलार, पांढरेशुभ्र, हाडं वर आलेली. कॉलनीत शेण पडलं. दुसऱ्या दिवशी परत आमच्या व्हरांड्यात बैठक.

या वेळी निकाल लवकर लागला. हुकूम माणसांचा आहे, जनावरांचा नाही. माणसं राहतील, बैल नाहीत. मामंजींनी गाडीवानाला बोलावून तसं सांगितलं. तो पायरीखाली उभा होता, पन्नाशीचा, चेहऱ्यावर काही दिसू न देणारा. त्याचे सगळे नातलग त्याच्याच वस्तीतले, त्यांच्याकडेही गोठा उरला नव्हता. म्हणजे घोडेगावच्या बाजारात नेऊन बैल विकणं एवढंच हातात होतं. दुष्काळात त्याने छावणीत बैलांजवळ मुक्काम ठोकून त्यांना जगवलं होतं. आणि बैल गेले की दसऱ्यानंतर कारखान्याला ऊस वाहायची त्याची गाडी थांबणार, उरलेल्या आयुष्यात तो दुसऱ्याचा ऊस तोडत राहणार. हे तो बोलला नाही, त्याच्या बायकोने मला नंतर विहिरीवर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, पोळ्यापातुर ऱ्हाऊ द्या. पोळा न करता धाडली तर मला घास ग्वाड लागायचा न्हाई."

मामंजी पोळ्यापर्यंत हो म्हणाले. तेवढं त्यांच्याच्याने नाकारवलं नाही.

कॉलनीतला पोळा मी आधी पाहिला होता. कुंभाराकडून मातीचे बैल आणायचे, पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, त्यांच्या तोंडापुढे पुरणपोळी ठेवायची आणि ती आपणच खायची. पहिल्या वर्षी मला रडू आलं होतं. माहेरी पोळ्याला ओढ्यात बैल धुण्यापासून आमचा दंगा सुरू व्हायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीवान फाटकाशी आला. त्याने बैलांचे खांदे हळद-तुपाने मळले होते, हात अजून पिवळे होते. ज्याच्या जागेत बैल उभे, त्याच्या दारात ते पहिल्यांदा नेतात, अशी त्यांच्याकडची रीत. "उद्या बैलं आनतो. पयला मान तुमचा," तो म्हणाला. जागा काही मामंजींची नव्हती. पण मान म्हटल्यावर मामंजींनी ती दुरुस्ती केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी पुरण वाटत होते आणि लक्ष सगळं लिंबाखाली. शेवटी राहवेना. पहिली पोळी तव्यावरून उतरली तशी पदराखाली घेतली आणि मागच्या दाराने गेले. बैलाने माझ्या तळहातावरून ती उचलली, त्याची खरखरीत जीभ लागली, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभ्या उभ्या हसत सुटले. परत येताना डॉक्टरीणबाई दिसल्या, मागच्या गल्लीतून, पदर सावरत. आम्ही एकमेकींना न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी वाजंत्री वाजली आणि बैल निघाले. कॉलनी फाटकांत उभी राहिली. शिंगं रंगवलेली, गळ्यात मागून आणलेल्या घुंगरमाळा, आणि पाठीवर झुली. एका बैलाच्या पाठीवर डॉक्टरांच्या दिवाणखान्यातले हिरव्या फुलांचे पडदे होते, दुसऱ्याच्या पाठीवर आमच्या सासूबाईंचा जांभळा शालू, काठ बरोबर खाली सोडलेला. वकिलांचा काळा कोट उसवून दोघांच्या कपाळपट्ट्या केल्या होत्या, त्यांना लाल गोंडे. वस्तीच्या बायकांनी आठवडाभर बसून हे शिवलं होतं. डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा हसू फुटलं. मग कुणालाच आवरेना. वकीलसुद्धा म्हणाले की हा कोट आपल्याला एवढा कधी शोभला नव्हता.

बैल आमच्या फाटकात आले. मामंजी धूतवस्त्र नेसून, टोपी घालून तयार. सासूबाईंनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. मामंजींनी पुरणपोळी पुढे केली. बैलाने तोंड फिरवलं.

त्यांनी दुसऱ्या बैलापुढे धरली. त्यानेही फिरवलं. वाजंत्री थांबली. पोळ्याच्या दिवशी बैलाने दारातला घास नाकारायचा, तोही पहिल्या मानाचा, म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. गाडीवानाचा चेहरा उतरला. मामंजी हात पुढे करून उभेच. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्या जमिनीकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाई आकाशाकडे. वकिलीणबाई आपल्या बांगड्यांकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलनीतली एकूण एक बाई सकाळी मागच्या दाराने जाऊन आली होती आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच. बैल गळ्यापर्यंत जेवलेले होते, आणि सांगायचं कुणी?

मामंजींनी वहाणा काढल्या. फरशीवरून खाली मातीत उतरले. बैलाच्या गळ्याखाली हात घालून नेमक्या जागी खाजवायला लागले आणि तोंडाने काहीतरी च्यक च्यक आवाज काढत राहिले. बैलाने डोळे अर्धे मिटले, मान लांब केली आणि त्यांच्या हातातली पोळी सावकाश, जरा उपकार केल्यासारखी, खाल्ली. लोकांनी आरडाओरडा करून कॉलनी डोक्यावर घेतली. संध्याकाळी वस्तीच्या बायका आमच्या व्हरांड्यात जेवायला बसल्या होत्या. माणसांनी आठवडे काढले तिथे आणि आम्ही त्यांच्याशी बोललो नाही, बैल आले तेव्हा बोललो, हे मला त्या दिवशीही टोचलं. पण पंगत वाढताना मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू.

बैल विकायचे हा निकाल मात्र कुणी मागे घेतला नव्हता. त्या दिवसाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाडीवानाच्या ध्यानात होतं. घोडेगावचा बाजार होता त्या सकाळी मी अंगणात सडा घालत होते. तो बैल सोडून रस्त्याने चालला होता, झुली नाहीत, घुंगरं नाहीत. त्याची बायको लिंबापाशीच थांबली होती, खुंट्याकडे तोंड करून. मी बादली टाकून आत ओरडले. मामंजी दात घासता घासता बाहेर आले, तसेच फाटकापर्यंत गेले आणि त्यांनी कुठे निघालास म्हणून दरडावून विचारलं.

"बाजाराला, साहेब. पोळ्यापातुर म्हनला हुता तुमी."

मामंजींनी तोंडातला फेस थुंकला. कालव्याच्या अधिकाऱ्यांशी बोलायचं शुद्ध मराठी ते घरातही बोलत. त्या सकाळी त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"येडा हायेस काय रं?" ते म्हणाले. "घरची बैलं कुनी इकतं व्हय?"

आणि त्यांनी स्वतः कासरा हातात घेऊन बैल आमच्या फाटकातून आत वळवले.