उन्हाळी शिफारशी आणि मनूचं स्थळ

चांगली पुस्तकं वाचून माणूस सुधारतो, हे खरं आहे. फक्त तो सुधारत असताना घरच्यांनी काही दिवस बाहेरगावी असावं.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या मालातले दोष काढायचे आणि त्याचा पगार घ्यायचा. (संध्याकाळी हेच काम मी घरी फुकट करतो, असं आई म्हणते.) घरात आम्ही तिघं: आई, धाकटी बहीण मनू आणि मी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली.

आमच्या ओळखीच्या सलीमभाईंचं औरंगपुऱ्यात पुस्तकांचं दुकान आहे. दर मोसमाला ते दारातल्या फळ्यावर खडूनं शिफारशी लिहितात. पावसाळ्यात प्रवासवर्णनं (कारण घराबाहेर पडता येत नाही), थंडीत जाडजूड कादंबऱ्या. यंदा एप्रिलात फळ्यावर लिहिलं होतं, 'चित्रकला, सजावट, फोटोग्राफी'.

"सलीमभाई, हे काय नवीन?"

"साहब, इत्ती गर्मी में अक्षरं कोण वाचतंय? चित्रां देखो. आँखां ठंडी रहतीं."

मी तिन्ही विषयांचं एकेक पुस्तक घेतलं. त्यांनी नुसती बघायला सांगितली होती. मी ती अमलात आणली.

नेमकं त्याच सुमारास मनूला स्थळ सांगून आलं. मुलगा सागर, कन्नडचा, घरचा ऊस आणि शहरात नोकरी. एका मैत्रिणीच्या लग्नात मनूनं त्याला पाहिलं होतं. ती काही बोलली नाही, पण आधीच्या प्रत्येक स्थळाला तिचं डोकं दुखायचं आणि या वेळी तिनं आपणहून साडीला इस्त्री केली. आई आणि मी काय ते समजलो. अडचण एकच होती. सागरच्या घरी त्याच्या मामांचा शब्द चालायचा, आणि मामा फार चौकस आहेत, असं मध्यस्थांनी बजावलं होतं.

आधी बायोडाटासाठी फोटो हवा होता. फोटोग्राफीच्या पुस्तकात म्हटलं होतं, उजेड एकाच बाजूनं घ्यावा, बाकीचं अंधारावर सोपवावं. मी मनूला खिडकीशी बसवलं. अर्धा चेहरा उजळला, अर्धा बुडाला.

"दादा, माझा उजवा डोळा कुठंय?"

"तो सूचित होतोय."

"आणि कान?"

"तोही."

मनूनं दुसरा फोटो काढ म्हणून सांगितलं. मी हो म्हणालो आणि हाच पाठवून दिला.

मग सजावट. पुस्तकातल्या घरांमध्ये एक स्टूल, एक मडकं आणि भरपूर जमीन एवढंच असायचं. आमच्या बैठकीत सोफा, शोकेस, शिलाई मशीन, गाद्यांचा ढीग आणि मासे नसलेली माशांची पेटी होती. मी दोन हमाल लावून सगळं गच्चीवर नेलं. खाली उरलं एक स्टूल, एक सतरंजी आणि वाळकी फांदी खोचलेलं मडकं. (ती फांदी आईनं दोनदा कचऱ्यात टाकली. मी दोनदा परत आणली.)

राहिलं चित्रांचं पुस्तक. एका भिंतीवर एकच चित्र असावं, असं त्याचं म्हणणं होतं. मी स्वतः एक काढलं, पांढऱ्या कागदावर मोठा काळपट गोल. पण भिंतीवर खिळा एकच, आणि त्यावर बाबांचा फोटो, चंदनाच्या हारासकट. मी तो उतरवला तेव्हा आई काहीच बोलली नाही. तिनं पदरानं काच पुसली आणि फोटो आपल्या खोलीत नेला. एरवी आई गप्प बसली की मला धडकी भरते, पण तेव्हा माझं सगळं लक्ष चित्र सरळ लागतंय का याकडे होतं.

रविवारी सागर, त्याची आई आणि मामा आले. तिघं दारातच थबकले. मग मामा स्टुलावर बसले, बाकीचे सतरंजीवर. मामांची नजर खोलीभर फिरली. अडायला काही नसल्यामुळे ती लवकरच परत आली.

"घर बदलताय व्हय?"

"नाही, इथंच राहतो."

"मग रंग द्यायचाय?"

"दिलाय."

मामांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "पाणी मुरलंय तिथं. गच्चीचं असंल."

"ते चित्र आहे. मीच काढलंय."

"आस्सं," म्हणून मामांनी उरलेल्या तीन भिंतीही पाहून घेतल्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "पोरीचे वडील वारलेत असं सांगितलं व्हतं."

"हो."

"फोटो दिसत नाय कुठं." ते जरा पुढं झुकले. "भाऊ किती तुम्ही?"

"मी एकटाच."

"मग वाटणी कोणासंगं झाली?"

"कसली वाटणी?"

"झाकू नका, पाव्हणं. घरात भांडं नाय, बसायला पाट नाय, बापाचा फोटो बी नाय. आमच्यात बी झाल्यात वाटण्या. पर फोटोच्या दोन कॉप्या काढत्यात, भिंत उघडी नाय ठेवत."

मी रिकाम्या जागेचं महत्त्व समजावून सांगणार, एवढ्यात मनू पोह्यांचा ट्रे घेऊन आली. ट्रे ठेवायला जागा नव्हती, कारण घरातल्या एकमेव स्टुलावर मामा होते. ती तशीच उभी राहिली. सागरची आई उठली आणि पोह्यांकडे न बघता मनूच्या उजव्या बाजूला गेली. वाकून नीट न्याहाळलं.

"डोळा चांगलाय की वो," ती मामांना म्हणाली. "कान बी हाय."

"मग फोटोत झाकला कशापायी?" मामा म्हणाले आणि उठले. "येतो आम्ही. घरी बोलून कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, हे लग्नाची मुलगी असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. मनूनं मान खाली घातली. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली, की ते मडकं उचलून माझ्याच डोक्यात घालावं. पण ती फांदी डोळ्यात गेली असती.

तेवढ्यात आई आतून आली. छातीशी बाबांचा फोटो. माझं चित्र काढून तिनं जमिनीवर ठेवलं आणि खिळ्यावर फोटो लावला. किंचित तिरका.

"हे मनूचे वडील," ती म्हणाली. "वाटणी नाय झाली अन् काही नाय. माझ्या पोरानं तीन पुस्तकं आणली आणि घर त्यात बघून मांडलं. तो डोक्यानं बरा आहे, उन्हाळ्यापुरतं झालंय. सामान गच्चीवर आहे. चला, दाखवते."

आणि आमचा बघण्याचा कार्यक्रम गच्चीवर झाला! ताडपत्रीच्या सावलीत सोफा, शोकेस, शिलाई मशीन सगळं दाटीवाटीनं उभं होतं. मामा सोफ्यात टेकले आणि त्यांनी पाय पसरले. "आता कुठं घरात आल्यावानी वाटतंय," म्हणाले. पोहे शिलाई मशीनवर ठेवले. मनू आणि सागर पाण्याच्या टाकीशी उभे राहून बोलत होते, आणि मनू हसत होती. तिला तसं हसताना मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. (आईला मी ऊन लागतंय असं सांगितलं.)

मामांनी तिन्ही पुस्तकं मागवून घेतली आणि चाळली. "वाटणी असती तर चार माणसं बसवून मिटवली असती," ते म्हणाले. "ह्याला काय इलाज न्हाई." मग त्यांनी सागरकडे पाहिलं. सागरनं मान हलवली.

"पोरगी पसंत हाय आम्हाला," मामा म्हणाले. "पर आमची एक मागणी हाय."

आईचा हात नकळत गळ्यातल्या साखळीकडे गेला.

"लग्नात फोटो ह्या दादांनी काढायचं नाय. आन् मांडव बी ह्यांनी सजवायचा नाय."

"दिलं," आई म्हणाली.

हुंड्याच्या मी जन्मभर विरोधात आहे. तरी त्या दिवशी माझी सगळी कला हुंड्यात देऊन बहिणीचं लग्न ठरलं. दिल्याचं मला दुःख नाही. वाईट एवढंच वाटतं, की घासाघीस करायला घरातलं एकही माणूस पुढं आलं नाही.