दादाची पिकअप दुसऱ्याच्या दारात

वडिलांचं वर्कशॉप थोरल्याने चालवायचं, असं घरात कधीच ठरून गेलं होतं. पण थोरल्याला नखात ग्रीस गेलेलं खपायचं नाही. त्याने गाद्यांचं दुकान थाटलं आणि पान्हे धाकटीच्या हाती आले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलण्यात आणि बसवण्यात तिचं उभं आयुष्य गेलं. लोक तिला गिअरताई म्हणायचे. दादाच्या दुकानाची जुनी पिकअपही तीच सांभाळायची.

एके दिवशी बँकेतून परतताना तिला ती पिकअप दिसली. मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत गॅरेजात, बॉनेट उघडं टाकून उभी. शेजारी हाताची घडी घातलेला दादा. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक आत शिरली.

"काय झालंय गाडीला?"

दादा दचकला. "अगं, तू इथे कशी?"

"ते मी विचारायचं!"

उत्तर गॅरेजच्या मालकाने दिलं. "गिअरबॉक्स गेलाय, मॅडम. दुसरा गिअर सोडतच नाही, सोडला की दणका देते. गिअरबॉक्सचं ऑइलही कमी होतंय. वर इंजिन पांढरा धूर टाकतंय. दोन्ही नवीन बसवा, नाहीतर भंगारात द्या."

"ऑइल खाली गळतंय कुठे?"

"कुठेच नाही. तेच तर कळत नाही."

"कळत नाही आणि भंगारात द्या म्हणता? दादा, चावी दे."

ती स्वतः चालवत निघाली. दादा शेजारी बसला. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच केकाटत राहिली, मग धाडकन तिसरा पडला. आरशात पांढरा लोट दिसला. ऑइल जातंय आणि जमिनीवर पडत नाही, म्हणजे ते जळतंय, एवढं तिला तिथेच उमगलं.

वर्कशॉपात येताच ती गाडीखाली सरकली. या जुन्या गिअरबॉक्सच्या बाजूला मुठीएवढी डबी असते. इंजिनवर भार किती, ते ही डबी गिअरबॉक्सला कळवते. डबीच्या आत पातळ पडदा, आणि तिथून इंजिनापर्यंत एक रबरी नळी, जिच्यातून इंजिन हवा ओढतं. ताईने नळी ओढून काढली. आतून कोरडी असायला हवी होती, पण लाल ऑइल ठिबकलं. पडदा फाटला होता, आणि इंजिन नळीतून गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळत होतं.

नवी डबी बसवून, ऑइल भरून तिने गाडी पुन्हा त्याच चढावर नेली. धूर थोडा वेळ येत राहिला, मग थांबला. गिअर कधी बदलला ते कळलंही नाही.

"माझ्याकडे का नाही आणलीस?" तिने विचारलं.

"तुला कशाला त्रास, म्हटलं."

"खरं बोल."

दादाने मान खाली घातली. "दुकानात लोक हसतात गं. म्हणतात, बहीण गाडीखाली झोपते आणि हा गाद्या विकतो."

ताईने चावी त्याच्या तळहातावर आपटली आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

त्याच आठवड्यात एक व्हॅनवाला ऑइल बदलायला आला. "तुमच्या भावाची पिकअप त्या मोठ्या गॅरेजने झकास केली हो!"

"कोण म्हणालं?"

"तुमचे भाऊच सांगत होते सगळ्यांना."

आता मात्र हद्द झाली. ताई होती तशी, ऑइलने माखलेल्या कपड्यांत, दादाच्या दुकानात जाऊन थडकली. एक नवरा-बायको गादी दाबून बघत होते. त्यांच्या शेजारच्या कोऱ्या पांढऱ्या गादीवर ती ऐसपैस बसली. दादा पांढराफटक पडला.

"पिकअप कोणी नीट केली, दादा?"

"अगं, गादी..."

"गादीचं नंतर. कोणी नीट केली?"

"हिने," दादा गिऱ्हाइकांकडे बघत पुटपुटला.

"मोठ्याने."

"हिने! माझ्या धाकट्या बहिणीने. त्या गॅरेजवाल्याला काडीचं कळलं नव्हतं."

मग गादी दाबणारा गृहस्थ चाचरत म्हणाला, "ताई, आमची गाडीपण गिअर बदलताना धक्के देते. बघाल का?"

"उद्या आणा," ताई जागची न हलता म्हणाली. "आज मला राग आलाय."