वहिनींचा पिवळा डबा

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती बैठकीच्या खोलीत जायची. हा नियम कोणी केला नव्हता, पण मोडायची कोणाची टाप नव्हती. थोरल्या वहिनींच्या माहेराहून, कळवणहून आलेला टेबलफॅन पहिल्याच उन्हाळ्यात बैठकीत गेला, कारण तिथे चार पाहुणे येतात. पाठोपाठ त्यांच्या भावाने दिलेला टेपरेकॉर्डर गेला आणि त्याच्यावर क्रोशाचं झाकण पडलं. आमचे वडील, अण्णा, मनाने वाईट नव्हते. घरातलं चांगलं ते लोकांना दिसावं, एवढीच त्यांची हौस. त्यात वहिनींच्या हाताशी काही उरत नाही, हे आम्हा पुरुषांच्या ध्यानातही येत नसे.

उरला तो फक्त कॉम्प्युटर. नव्वदच्या दशकात पंचवटीतला एक छापखाना बंद पडला, तेव्हा तिथला जुना वहिनींनी घेतला. आडवा, पाटासारखा कॅबिनेट आणि त्याच्या डोक्यावर मॉनिटर. मूळचा रंग सायीसारखा असावा, पण आमच्याकडे आला तो हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळा होऊनच. असलं ध्यान बैठकीत ठेवायचा प्रश्नच नव्हता. ते मागच्या कांद्या-बटाट्यांच्या खोलीत गेलं आणि वहिनी तिथे बसून लग्नपत्रिका करू लागल्या.

पत्रिका करणं म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे. कोणत्या काकाचं नाव कोणाच्या वर, कोणत्या मामाचं ठळक अक्षरात, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' याखाली कोणती चिल्लीपिल्ली, यात एक नाव राहिलं की भर मांडवात रुसवेफुगवे. वहिनी चार प्रश्नांत अख्खं गणगोत काढून घेत. देवळ्या-कळवणकडची मंडळी बस पकडून त्यांच्याकडे येत, ती यासाठी.

पण पुढे दोन हजार साल उलटल्यावर लोकांना रंगीत गणपती हवे झाले, नवरा-नवरीचे फोटो हवे झाले. पिवळ्या डब्यात एक गणपती उघडेपर्यंत चहा होऊन कपही विसळून व्हायचे. गिऱ्हाईकं घड्याळ बघून उठू लागली. मी तेव्हा हार्डवेअरचा कोर्स करून कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो होतो. वहिनींनी मला गाठलं.

"भाऊजी, आतलं सगळं नवं घाला. पण बाहेरून हा असाच दिसला पाहिजे."

मी हसलो. "वहिनी, म्हाताऱ्याच्या छातीत विशीतलं काळीज बसवायला सांगताय. त्यापेक्षा नवा घ्या की छान!"

"नवा घेतला तर तो कुठं जाईल?"

"बैठकीत," मीच म्हणालो.

"मग पत्रिका कुठं करू? पाहुण्यांपुढं बसून? का पोरं गेम खेळून उठल्यावर?" त्या कोथिंबीर निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हे काम गेलं ना भाऊजी, तर माझं म्हणावं असं इथं काहीच नाय राहणार."

कोथिंबीर निवडताना एवढं मोठं वाक्य कोणी बोलू शकतं, हे मला तेव्हा कळलं. मी हो म्हणालो.

एका रविवारी सगळं घर वणीला गडावर गेलं. वहिनींनी पत्रिकांचं निमित्त सांगितलं, मी पोट बिघडल्याचं. डबा उघडला तर आत काहीच जुळेना. नव्या बोर्डाची भोकं एकीकडे, कॅबिनेटची दुसरीकडे. मी ड्रिलने नवी भोकं पाडली, मागचा पत्रा कापला. वहिनी कानशीने त्याच्या कडा घासत बसल्या, कारण पुढे केबल लावताना बोटं त्यांचीच कापणार होती. हवा खेळावी म्हणून भिंतीकडच्या बाजूला एक जादा पंखा बसवला. नव्या सीडी ड्राइव्हचं काळं तोंड बाहेर दिसत होतं, तर वहिनींनी त्यावर जुनीच पिवळी पट्टी चिकटवायला लावली. मी तर डबा मेला म्हणून त्याच्या फोटोला हार घालायच्या बेतात होतो, पण बाई ऐकेनात.

शेवटी बटण अडलं. जुनं बटण एकदा दाबलं की आत रुतून बसायचं. नव्या बोर्डाला ते लगेच सुटलेलं हवं. त्यामुळे मशीन सुरू व्हायचं आणि दोन-चार श्वासांत आपोआप बंद पडायचं. लागोपाठ दोनदा दाबलं तरच चालू राहायचं.

"उद्या दुसरं बटण आणतो," मी म्हणालो.

वहिनींनी दोनदा दाबलं, एकदा दाबलं, परत दोनदा दाबलं. मग गालात हसल्या. "राहू द्या हेच."

लग्नसराईत त्या मशीनने अशी धाव घेतली की मलाच नवल वाटलं. घरात कोणाला पत्ता नाही. मला तर वहिनींचा इतका अभिमान वाटायचा की सांगून टाकावंसं वाटे, पण तोंडाला कुलूप.

मग देवळ्याचे एक पाहुणे आले आणि पत्रिकेची तोंड भरून स्तुती करू लागले. अण्णा फुलले. वहिनी मंडईत होत्या. अण्णा पाहुण्यांना मशीन दाखवायला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि ऐटीत बटण दाबलं. घर्र झालं आणि विझलं. परत दाबलं, तर काहीच नाही. "याच्यावर करतात?" पाहुणे म्हणाले. मी दारात उभा राहून घाम पुसत होतो.

संध्याकाळी जेवताना अण्णांनी जाहीर केलं, "सुनेला नवा कॉम्प्युटर घ्यायचा. चांगला, मोठा. बैठकीत ठेवू."

भाकरी वाढणारा वहिनींचा हात थांबला. लग्न होऊन आल्यापासून अण्णांपुढे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"अण्णा, नवा घ्या, पोरांना हवाच आहे," त्या म्हणाल्या. "पण मला हाच राहू द्या. माझा हात यालाच बसलाय. तिथं चारचौघांत माझ्याच्यानं काम नाय व्हायचं."

अण्णांना काय उमगलं, देव जाणे. भाकरीचा तुकडा मोडता मोडता ते पोरांकडे वळले.

"ऐका रे. मागच्या खोलीतलं मशीन हिचं आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

त्या घरात एखादी वस्तू वहिनींची आहे, असं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्याही. त्यांनी खाली मान घालून माझ्या ताटात न मागता आणखी एक भाकरी टाकली आणि आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या नाहीत. माझं पोट कधीच भरलं होतं, पण ती भाकरी मी मुकाट्याने खाल्ली.